हलव्याच्या दाण्यांचे रेझिनमधले दागिने : नवख्यांसाठी कृती आणि खबरदारी

संक्रांतीला नव्या सुनेच्या आणि बोरन्हाणाला बाळाच्या अंगावर चढलेले हलव्याचे दागिने रथसप्तमीनंतर एखाद्या डब्यात जातात, आणि पुढे त्यांचे काय होते हे बहुतेक घरांना ठाऊक आहे. पावसाळ्यात हलवा सादळतो, काटे बसतात, दाणे एकमेकांना चिकटतात, दोरा पिवळा पडतो आणि दिवाळीच्या साफसफाईत तो डबा हळहळत का होईना, पण रिकामा केला जातो. त्यातले निवडक दाणे रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर काचेसारख्या कडक होणाऱ्या पारदर्शक द्रवात, बंदिस्त करून वर्षभर वापरता येईल असे पदक किंवा कानातले करता येते. हे काम अवघड नाही, परंतु त्याचा क्रम चुकला तर दाणा आणि रेझिन दोन्ही वाया जातात, म्हणून हा लेख क्रमानेच वाचावा.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. नवखी माणसे सगळे लक्ष रेझिन ओतण्याकडे देतात, पण बिघाडाचे मूळ बहुधा दाण्यात असते. दाण्यात राहिलेली ओल आणि काट्यांच्या खाचांत अडकलेली हवा यांचा बंदोबस्त ओतण्याआधी झाला, तर साधे रेझिनही चांगले काम देते. तो झाला नाही, तर महागडे रेझिनही उपयोगी पडत नाही. म्हणूनच या लेखात दाण्यांच्या तयारीला अधिक जागा दिली आहे.

१. कोणता दाणा घ्यावा

हलवा परातीत मंद आचेवर केला जातो. तीळ, खसखस, साबुदाणा, वेलदोडा, लवंग, चारोळी किंवा मुरमुरा यांवर साखरेचा पाक थोडा थोडा सोडत, बोटांनी सतत फिरवत राहावे लागते. पाकातले पाणी उडते आणि साखर स्फटिकांच्या रूपात दाण्यावर बसत जाते. काटा म्हणजे हेच स्फटिक. आपल्या कामाच्या दृष्टीने ही फार सोयीची गोष्ट आहे, कारण स्फटिकरूप साखर सहजासहजी ओल धरत नाही. साधारण २५ अंश सेल्सियसला हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास गेली की मगच ती हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हलवा टिकत नाही, त्याचे कारण हेच.

लिमलेटच्या किंवा रावळगावच्या गोळ्यांसारख्या कडक गोळ्यांची साखर मात्र स्फटिकरूप नसते. ती काचेसारखी घट्ट झालेली असते आणि बऱ्याच कमी आर्द्रतेतही तिला वरून चिकटपणा येतो. शिवाय रेझिन घट्ट होताना जी उष्णता निघते, तिने अशी गोळी मऊ पडून तिचा आकार बिघडू शकतो. हलव्याला ही भीती नाही, कारण स्फटिकरूप साखर वितळायला १८० अंशांच्या वर तापमान लागते. म्हणून पहिला प्रयोग हलव्यावर करावा आणि कडक गोळ्यांकडे हात बसल्यानंतर वळावे.

बडीशेपेच्या रंगीत गोळ्या सरावासाठी उत्तम आहेत. त्या गुळगुळीत असल्यामुळे त्यांच्याभोवती हवा कमी अडकते. तिळगुळाचा लाडू, गुळाची वडी आणि चिक्की यांच्या वाटेला जाऊ नका. गुळातल्या साखरेचा काही भाग असा असतो की तो हवेतली ओल झपाट्याने ओढतो, आणि त्यात तिळाचे व शेंगदाण्याचे तेल सुटत राहिल्याने रेझिन तिथे नीट धरत नाही. ज्या गोळ्यांच्या आत चॉकलेट असते त्याही टाळाव्यात, कारण चॉकलेट शरीराच्या तापमानालाच मऊ होते आणि वरचे कवच तडकते.

दाणे निवडताना काटे शाबूत असलेले, कोरडे आणि हातात घेतल्यावर खडखडीत वाजणारे दाणे घ्यावेत. एकदा सादळून पुन्हा वाळलेला दाणा वरून बरा दिसतो, पण त्याच्या काट्यांची टोके गोल झालेली असतात. असा दाणा बाजूला ठेवा. साबुदाण्यावरचा आणि तिळावरचा हलवा पदकासाठी सर्वांत देखणा दिसतो. मुरमुऱ्यावरचा हलवा आतून पोकळ असल्याने रेझिनमध्ये तरंगतो, हे ध्यानात असू द्या.

२. लागणारे साहित्य

सगळे साहित्य आधी टेबलावर मांडून घ्यावे, कारण रेझिन एकदा मिसळले की उठून काही शोधायला वेळ मिळत नाही.

- दोन भागांचे पारदर्शक इपॉक्सी रेझिन, म्हणजे रेझिन आणि हार्डनर. पिवळेपणा रोखणारे घटक त्यात असल्याची नोंद बाटलीवर असावी, कारण पांढऱ्या हलव्यावर पिवळी छटा लगेच उठून दिसते.
- यूव्ही रेझिनची, म्हणजे अतिनील (यूव्ही) किरणांनी घट्ट होणाऱ्या रेझिनची, लहान बाटली आणि यूव्ही दिवा. दाण्यांना अस्तर देण्यासाठी हे लागते.
- पदकाचे आणि कानातल्याचे सिलिकॉनचे साचे. आतून चकचकीत असलेला साचा घ्यावा, कारण साचा जसा असेल तसाच दागिन्याचा पृष्ठभाग उतरतो.
- ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा वजनकाटा. स्वयंपाकघरातला काटा यासाठी चालत नाही.
- सिलिकॉनचे किंवा प्लॅस्टिकचे पेले, आइस्क्रीमच्या चपट्या काड्या, टूथपिक, बारीक टोकाचा चिमटा आणि बारीक ब्रश.
- सिलिका जेलच्या पुड्या आणि घट्ट झाकणाचा डबा.
- नायट्राइलचे हातमोजे, सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क आणि साधा पारदर्शक चष्मा.
- ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, पुसण्यासाठी.
- ४०० पासून २००० क्रमांकापर्यंतचे पाण्यात वापरायचे पॉलिश पेपर.
- हाताने फिरवायचे बारीक ड्रिल, कड्या, कानातल्याचे आकडे आणि साखळी.

आकडे स्टीलचे किंवा चांदीचे घ्यावेत. स्वस्त धातूत निकेल असते आणि पुष्कळांच्या कानाला त्याची खाज सुटते.

३. जागा, हवा आणि सुरक्षितता

या कामाला उत्तम काळ म्हणजे संक्रांतीनंतरचा, साधारण होळीपर्यंतचा. हवा कोरडी असते आणि घरातले तापमान बहुधा इपॉक्सीला मानवेल इतके, म्हणजे २२ ते २७ अंशांच्या आसपास असते. पुण्यात किंवा नाशिकमध्ये ऐन जानेवारीतल्या रात्री गार असतात. गारठ्यात रेझिन मधासारखे दाट होते, त्यातले बुडबुडे वर येत नाहीत आणि ते घट्ट व्हायला फार वेळ लागतो. अशा वेळी बाटल्या झाकण घट्ट लावून दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवाव्यात आणि बाहेरून पूर्ण कोरड्या पुसूनच उघडाव्यात, कारण पाण्याचा एक थेंबही मिश्रणात पडता कामा नये. पावसाळ्यात हे काम करू नका. दमट हवेत रेझिनच्या पृष्ठभागावर तेलकट साय धरते आणि ती पुढच्या थराला चिकटू देत नाही. परदेशात राहणाऱ्यांना, निदान कडक थंडीच्या देशांत, घरातल्या हिटरमुळे हिवाळ्यातली हवा आपोआप कोरडी मिळते.

घट्ट न झालेले इपॉक्सी आणि त्याचे हार्डनर त्वचेला त्रासदायक असतात. वारंवार स्पर्श होत राहिला तर ॲलर्जी जडू शकते, आणि एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा जन्माची सोबत करते. यूव्ही रेझिनही या बाबतीत निरुपद्रवी नाही. त्यामुळे हातमोजे घातल्याशिवाय बाटली उघडू नये. हाताला लागले तर अल्कोहोलने पुसण्याऐवजी साबण आणि पाणी वापरावे, कारण अल्कोहोलमुळे रेझिन पातळ होऊन त्वचेत अधिक शिरते. खिडकी उघडी असलेली वेगळी खोली घ्यावी. स्वयंपाकघरात हे काम नको, आणि इथे वापरलेला एकही पेला, चमचा किंवा परात पुन्हा खाण्यापिण्यासाठी वापरू नये. घरात तान्हे बाळ किंवा गरोदर स्त्री असेल तर काम घराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी करावे.

याच विषयातली आणखी एक बाब मी ठामपणे सांगेन. बोरन्हाणासाठी म्हणून रेझिनचे दागिने करून बाळाच्या अंगावर घालू नका. बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते, आणि रेझिनमधला हलवा खाण्याच्या हलव्यासारखाच दिसतो. बोरन्हाण झाल्यावर त्या दागिन्यातले दाणे काढून आईसाठी पदक करा. आठवणही राहते आणि धोकाही उरत नाही.

४. दागिन्यातून दाणे सोडवणे

तुमच्याकडे सुटा हलवा असेल तर ही पायरी वगळा. दागिन्यातलेच दाणे हवे असतील तर आधी त्या दागिन्याचे चांगल्या उजेडात छायाचित्र काढून ठेवा, म्हणजे मूळ रचना लक्षात राहील. पारंपरिक पद्धतीच्या दागिन्यात प्रत्येक दाण्याभोवती दोऱ्याचा फास असतो. तो ओढू नका, कारण ओढला की काटे तुटतात. बारीक कात्रीने गाठीजवळ दोरा कापावा आणि दाणा चिमट्याने अलगद उचलावा.

हल्ली पुष्कळ दागिने पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेले असतात. असा दाणा सोडवताना पाणी लावायचा मोह होतो, तो टाळा. पुठ्ठाच दाण्याभोवती कापून घ्यावा आणि दाण्याच्या पाठीवरचा गोंदाचा पापुद्रा कोरड्या पात्याने खरवडून काढावा. मागची बाजू थोडी खराब झाली तरी ती पदकाच्या मागच्या अंगाला जाते. टिकल्या, जर आणि सोनेरी मणी वेगळ्या वाटीत ठेवा, कारण त्यांतले काही पदकातही शोभतात. ठुशीचा किंवा मुकुटाचा अख्खा संच रेझिनमध्ये ओतण्याच्या फंदात मात्र पडू नये. तो जड होतो, महाग पडतो आणि कोणी घालत नाही. तीन ते सात दाणे एका पदकाला पुरतात.

५. दाणे वाळवणे

डब्याच्या तळाशी सिलिका जेलच्या पुड्या पसरा, त्यावर कागद घाला आणि कागदावर दाणे एकमेकांना न भिडतील असे ठेवून झाकण लावा. दोन ते तीन दिवस पुरेसे होतात. रंग बदलणारे सिलिका जेल मिळाले तर उत्तम, कारण ते ओल शोषून थकले की दिसते. ओव्हनमध्ये वाळवण्याची घाई करू नये. साखरेला त्याने फारसे काही होत नाही, पण आतल्या तिळाचे तेल बाहेर झिरपून दाण्यावर डाग पडतात.

वाळवणी पूर्ण झाली की नाही, हे रंगीत दाण्यावरून ओळखता येते. खाण्याचे रंग पाण्यात विरघळणारे असतात, कोरड्या रेझिनमध्ये ते पसरत नाहीत. गुलाबी किंवा हिरवा दाणा रेझिनमध्ये ठेवल्यावर त्याच्याभोवती रंगाचे धुके दिसले, तर दाण्यात ओल होती असे समजावे. म्हणून प्रत्येक खेपेला एक रंगीत दाणा वेगळ्या लहान साच्यात चाचणीसाठी टाकावा.

६. दाण्याला पहिले अस्तर

संपूर्ण कृतीतली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, आणि घाईत हीच गाळली जाते.

हलवा पांढरा का दिसतो, हे समजले की अस्तर का हवे ते आपोआप कळते. साखरेचे स्फटिक स्वतः रंगहीन आणि पारदर्शक असतात. स्फटिकांमधल्या बारीक फटींत हवा असते, उजेड तिथे वारंवार विखुरतो आणि दाणा पांढराशुभ्र दिसतो. रेझिन त्या फटींत शिरले की हवेची जागा ते घेते. साखर आणि इपॉक्सी या दोहोंत उजेड जवळपास सारखाच वाकत असल्याने तो विखुरायचा थांबतो. परिणामी दाणा ओल्या कागदासारखा अर्धपारदर्शक होतो आणि आतला तीळ किंवा साबुदाणा दिसू लागतो. काहींना हे रूप आवडते, पण ज्यांना संक्रांतीचा पांढरा काटेरी हलवाच हवा आहे, त्यांची त्याने पुरती निराशा होते.

म्हणून दाण्यावर असे अस्तर द्यायचे की ते आत मुरण्याआधीच घट्ट होईल. यूव्ही रेझिन इथे उपयोगी पडते. दाणा टूथपिकच्या टोकावर किंवा चिमट्यात धरावा, ब्रशवर अगदी थोडे यूव्ही रेझिन घेऊन काट्यांवर हलक्या हाताने फिरवावे आणि लगेच दिव्याखाली धरावे. आधी सगळे दाणे रंगवून घेऊ आणि मग एकदम दिव्याखाली ठेवू, असा विचार करू नका, कारण तेवढ्या वेळात रेझिन आत मुरते. एकेक दाणा घ्यावा, एक बाजू झाली की उलटवून दुसरी करावी. दिव्यावर आणि रेझिनवर अवलंबून प्रत्येक बाजूला एक ते दोन मिनिटे लागतात. दिवा नसेल तर दुपारच्या कडक उन्हातही यूव्ही रेझिन घट्ट होते, पण ते ब्रशवरही घट्ट होऊ लागते, म्हणून बाटली आणि ब्रश सावलीत ठेवावेत. पहिले अस्तर झाल्यावर त्याच पद्धतीने दुसरे द्यावे. काट्यांच्या बुडाशी जिथे दोन काटे मिळतात, तिथे भिंग घेऊन पाहा. अस्तर पोचले असेल तर ती खाच चमकते, पोचले नसेल तर खडूसारखी कोरडी दिसते. कोरड्या खाचेत टूथपिकने एक थेंब सोडावा.

अस्तरासाठी फेविकॉल किंवा पाण्यात मिसळणारे कोणतेही वॉर्निश वापरू नये, कारण त्यातल्या पाण्याने काटे विरघळतात. स्पिरिटमधली लाख चालते, कारण साखर अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही. मात्र लाखेला स्वतःचा पिवळसर रंग असतो आणि ती सुकायला वेळ घेते, त्यामुळे पांढऱ्या हलव्याला मी ती वापरणार नाही. गुळासारख्या रंगाच्या किंवा केशरी दाण्यांना ती खुलून दिसते.

आता कोणी विचारेल की यूव्ही रेझिन आहेच, तर संपूर्ण पदकच त्याचे का करू नये. त्याचे उत्तर असे, की हलवा अपारदर्शक असतो, दाण्याच्या सावलीतल्या रेझिनपर्यंत यूव्ही किरणे पोचत नाहीत आणि तिथले रेझिन आत कायम ओलेच राहते. पातळ अस्तराला ते योग्य, जाड पदकाला दोन भागांचे इपॉक्सीच हवे.

७. माप आणि मिश्रण

साच्यात किती रेझिन मावते हे आदल्या दिवशी पाण्याने मोजून ठेवावे. साचा वजनकाट्यावर ठेवून पाणी भरा. जितके ग्रॅम पाणी तितके मिलिलिटर. इपॉक्सी पाण्याहून थोडे जड असल्याने त्या आकड्याला १.१ ने गुणावे. समजा चार पदकांच्या साच्यात मिळून २४ ग्रॅम पाणी मावले, तर साधारण २६ ग्रॅम मिश्रण लागेल, आणि दाणे जागा घेणार असल्याने त्यात थोडी बचतच होईल. नंतर साचा पूर्ण कोरडा करून उन्हात ठेवावा.

बाटलीवर रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण दिलेले असते. कुठे ते १:१, कुठे २:१, तर कुठे ३:१ असते. ते वजनाने आहे की मापाने, हे नीट वाचा. हार्डनर रेझिनहून हलके असते, त्यामुळे मापाचे प्रमाण वजनकाट्यावर लावले की हार्डनर जास्त पडते आणि दागिना चिकट राहतो. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर वाढवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, तो ऐकू नये. रेझिन आणि हार्डनर ठरावीक प्रमाणातच एकमेकांशी जोडले जातात. जास्तीचे हार्डनर जोडीदाराविना तसेच उरते आणि मिश्रण कधीच नीट कडक होत नाही. फार थोडे, म्हणजे पाच-सात ग्रॅम मिश्रण करणेही टाळावे, कारण तिथे अर्ध्या ग्रॅमची चूकसुद्धा महागात पडते.

मिश्रण सावकाश, तीन ते पाच मिनिटे ढवळावे. फेटू नये. पेल्याच्या कडा आणि तळ काडीने खरवडत राहावे, कारण न मिसळलेले रेझिन तिथेच चिकटून बसते. नंतर ते दुसऱ्या स्वच्छ पेल्यात ओतून आणखी एक मिनिट ढवळावे. यामुळे पहिल्या पेल्याच्या कडेचे कच्चे मिश्रण दागिन्यात येत नाही. तयार मिश्रण पेल्यात फार वेळ ठेवू नका. एकत्र साठलेले मिश्रण स्वतःच्या उष्णतेने तापते आणि मोठ्या प्रमाणात असेल तर त्यातून धूरही निघतो.

८. दोन थरांत ओतणे

साच्याचा तळ हाच दागिन्याचा दर्शनी भाग असतो, म्हणजे तुम्ही सगळे उलटे रचत आहात, हे सतत ध्यानात ठेवावे.

पहिला थर साधारण दोन ते तीन मिलिमीटर जाडीचा, पूर्ण पारदर्शक ओतावा. वर आलेले बुडबुडे टूथपिकने फोडावेत किंवा हीट गनची ऊब दुरून क्षणभर द्यावी. लायटर वापरणार असाल तर आसपास अल्कोहोलची बाटली उघडी नसावी. हा थर तीन-चार तासांनी मुरंब्यासारखा दाट आणि चिकट होतो. टूथपिक टेकवल्यावर खूण उमटते, पण रेझिन ओघळत नाही. तापमानानुसार हा वेळ कमी-जास्त होतो, म्हणून घड्याळापेक्षा टूथपिकवर भरवसा ठेवावा.

आता दाणे ठेवायचे. प्रत्येक दाणा आधी ताज्या मिसळलेल्या रेझिनच्या थेंबात घोळवून घ्यावा, म्हणजे काट्यांमधली उरलीसुरली हवा बाहेर पडते, आणि मग दर्शनी बाजू खाली करून किंचित दाबून बसवावा. दाट थर दाण्याला जागेवर धरून ठेवतो. हा थर पातळ असतानाच दाणे टाकले तर साखरेचे भरीव दाणे तळाला जातात, मुरमुऱ्याचे वर येतात आणि तुमची रचना सकाळपर्यंत ओळखू येत नाही. दाणे बसल्यावर ताजे मिश्रण बारीक धारेने एका कोपऱ्यातून सोडावे आणि दाण्यांच्या वर किमान दोन मिलिमीटर रेझिन राहील असे पाहावे. काट्याचे टोक कुठेही उघडे राहता कामा नये.

पुष्कळांना संक्रांतीच्या चंद्रकळेची आठवण म्हणून मागचा थर काळा हवा असतो. रेझिनसाठीचा काळा रंग थेंबभर पुरतो. पाण्यातले पोस्टर कलर वापरू नयेत. पण सावध राहा. अस्तर नीट न लागलेला, अर्धपारदर्शक झालेला दाणा काळ्या पार्श्वभूमीवर राखाडी दिसतो. पांढरा हवा असेल तर काळा थर ओतण्याआधी प्रत्येक दाण्याच्या पाठीला रेझिनसाठीच्या पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यावा आणि तो घट्ट होऊ द्यावा. हा ठिपका समोरून दिसत नाही, पण दाण्याला त्याचा पांढरेपणा परत देतो.

निर्वात पंप वापरून बुडबुडे काढण्याची पद्धत इतर रेझिनकामात चालते, इथे चालत नाही. दाण्याच्या आतली हवा खेचली जाऊन अस्तर फुटते आणि थांबायचे नाव न घेणारी बुडबुड्यांची माळ सुरू होते.

साचा सपाट जागेवर, धूळ न बसेल अशा झाकणाखाली ठेवून द्यावा.

९. काढणे, घासणे आणि भोक पाडणे

बहुतेक इपॉक्सी २४ तासांत साच्यातून काढण्याइतके घट्ट होते. पूर्ण कडक व्हायला मात्र तीन ते सात दिवस लागतात, आणि तोवर त्यावर नख उमटते. भोक आणि घासकाम त्यानंतरच करावे.

घासण्यासाठी पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरावा, कारण कोरड्या घासण्याने उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते. ४०० पासून सुरू करून चढत्या क्रमाने २००० पर्यंत जावे. कडा घासताना आत दाणा किती जवळ आहे यावर नजर ठेवा. घासत घासत काट्यापर्यंत पोचलात, तर त्या जागेतून पाणी आत शिरते आणि सगळी मेहनत फुकट जाते.

भोकाचा नियम एकच : भोक दाण्यातून जाता कामा नये. ते नेहमी निव्वळ रेझिनच्या कडेतून, दाण्यापासून किमान तीन मिलिमीटर अंतरावर पाडावे. म्हणून दाणे रचतानाच वरची जागा मोकळी सोडायची असते. भोकातून साखर उघडी पडली की आधी मुंग्या येतात आणि मागून ओल येते. भोक पाडायचेच नसेल, तर पदकाच्या मागे यूव्ही रेझिनने कडी चिकटवता येते, परंतु ती भोकातल्या कडीइतकी मजबूत नसते.

१०. दमट डब्यातली परीक्षा

दागिना कोणाला भेट देण्याआधी किंवा विकण्याआधी ही परीक्षा जरूर घ्यावी. घट्ट झाकणाच्या डब्यात ओला कापूस ठेवून निदान एक नमुना, त्या कापसाला न टेकता, आठवडाभर ठेवा. आतली हवा साखर विरघळवण्याइतकी दमट होते. दागिना चांगला बंद झाला असेल तर काहीच बदलत नाही. कुठे सूक्ष्म छिद्र असेल तर त्या बाजूचा काटा काचेसारखा चमकू लागतो आणि दोन-तीन दिवसांत तिथे पाकाचा थेंब दिसतो. छिद्र सापडले तर नमुना सिलिका जेलमध्ये वाळवून त्या जागी यूव्ही रेझिनचा थेंब द्यावा, पण विरघळलेला काटा पुन्हा उभा राहत नाही.

विक्री करणार असाल तर खोक्यावर 'खाण्यासाठी नाही' असे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा आणि लहान मुलांपासून दूर ठेवण्याची सूचना द्या. ही केवळ औपचारिकता नाही, कारण असा दागिना पाहिल्यावर मुलांचा हात पहिल्यांदा तोंडाकडेच जातो.

११. वापर आणि निगा

इपॉक्सी उन्हाने पिवळे पडते आणि रंगीत हलव्याचे रंगही उजेडात विटतात, म्हणून वापरून झाल्यावर दागिना अंधाऱ्या डबीत ठेवावा. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तो विसरू नका, कारण पुष्कळ इपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडू लागतात आणि वजनाखाली वाकतात. अत्तर आणि सॅनिटायझर आधी लावून, सुकल्यावर दागिना घालावा. मळला तर ओल्या फडक्याने पुसावा. अल्कोहोल वारंवार लावल्याने चमक जाते.

कामानंतर पेल्यात उरलेले मिश्रण बेसिनमध्ये ओतू नये. ते पेल्यातच घट्ट होऊ द्यावे आणि मग कचऱ्यात टाकावे. बाटल्यांची तोंडे पुसून, ज्याचे झाकण त्यालाच लावावे, कारण रेझिनचे झाकण हार्डनरच्या बाटलीला लागले तर पुढच्या वेळी ती उघडता येत नाही. उरलेले कोरडे दाणे सिलिका जेलच्या त्याच डब्यात ठेवले तर दुसऱ्या खेपेला वाळवणीचे दोन दिवस वाचतात. मात्र डब्यावर चिठ्ठी लावा, नाहीतर घरातले कोणीतरी ते खाऊन टाकेल.